दोघा भावांत एक हुक

“एक तर दोघांना दोन हुक घ्या, नाहीतर काढायचं-घालायचं काम एकाच्याच हातात ठेवा,” दुकानवाल्या मावशी तिला म्हणाल्या होत्या. “दोन घरांत फिरणारा हुक शेवटी ज्याने वापरला त्याच्या मापावर राहतो. आणि सकाळच्या घाईत माप बघतंय कोण?”

तिने मान डोलावली आणि ते बोलणं कानाआड केलं.

एरवी ती असं करणारी नव्हे. गॅस बंद केलाय ना, हे बघायला ती अर्ध्या जिन्यावरून परत वर येते. लेकीला द्राक्षं उभी चिरून देते. नवरा तिला घरात ‘काळजीवाहू सरकार’ म्हणतो, आणि त्यात तिला राग येण्यासारखं काही वाटत नाही, कारण ते खरंच आहे. पण त्या दिवशी तिला मावशींचं ऐकायचंच नव्हतं. दुकानाच्या दाराबाहेर दोन भाऊ उकिडवे बसले होते. तिचा नवरा आणि तिचा दीर. एकाने मोजपट्टीचं टोक जमिनीला धरलं होतं, दुसरा ट्रेलरच्या दांड्याशी डोळा लावून आकडा वाचत होता, आणि कुठल्याशा जुन्या फजितीवरून दोघंही हसत होते. सासरे गेल्यावर त्यांची जीप थोरल्याकडे गेली. त्यावरून जो अबोला सुरू झाला तो वर्ष उलटलं तरी संपला नव्हता. गेल्याच महिन्यात कुठे तो सुटला. आणि आता हे दोघे खांद्याला खांदा लावून एका लोखंडाच्या तुकड्यावर डोकं चालवत होते. अशा वेळी “दोन वेगवेगळे घ्या” हे तोंडातून काढायचं कुणी?

त्या वस्तूला दुकानाच्या पाटीवर मोठं नाव होतं, घरी सगळे हुकच म्हणत. गाडीच्या मागच्या चौकोनी नळीत बसवायचा लोखंडी जोड. टोकाला पोलादी गोळा. ट्रेलरच्या दांड्याला उपडी वाटी असते, ती गोळ्यावर बसवायची, खटका लावायचा, झालं. त्यांनी निवडला तो खालीवर करता येणारा. उभ्या पट्टीला भोकांची रांग, हव्या त्या भोकात पिना सरकवल्या की गोळ्याची उंची बदलते. जीप उंच, म्हणून नवऱ्याला गोळा खाली हवा होता. दिराची गाडी बुटकी, त्याला वर. नवऱ्याचा ट्रेलर जड. त्यावर पाण्याची टाकी आणि पंप. छपरांवरचे सोलर पॅनेल धुऊन देणं हा त्याचा धंदा. दिराचा ट्रेलर हलका, कुंड्या आणि रोपं नेण्यापुरता. डोंगर उतरताना अगदी शेवटच्या वळणावर, रस्त्याला लागूनच त्याची नर्सरी, राहणंही तिथेच. जड ट्रेलरला मोठा गोळा लागतो, हलक्याला लहान. खोक्यात दोन्ही गोळे होते.

“अजून एक ऐका,” मावशींनी चष्मा कपाळावर ढकलला. “मोठी वाटी लहान गोळ्यावर बसते बरं का. खटकाही लागतो. बघणाऱ्याला वाटतं सगळं ठीक आहे. मोठा धक्का बसला की मग कळतं.”

“वहिनी, दोन हुक गळ्यात मारायला बघतायत त्या,” दीर तिच्या कानाशी येऊन पुटपुटला.

“ऐकू येतं मला,” मावशी म्हणाल्या. “गळ्यात मारायचे असते तर चार मारले असते.”

सगळे हसले. टायरच्या चळतीवर बसलेली तिची लेक, चार वर्षांची मुंगी, काही न कळता सगळ्यांत जास्त हसली.

“दोघांत एक पुरे,” दीर म्हणाला. “दादाकडेच राहू दे. मला लागला की नेईन.”

“एकच द्या,” असं शेवटी तिनेच सांगितलं. नवऱ्याने विचारायच्या आधी.

अगदीच काही केलं नाही असं नाही. ट्रेलर सुटला तर धरून ठेवणाऱ्या साखळ्या तिने जाड घ्यायला लावल्या, “सरकारचा अध्यादेश निघाला,” असं नवऱ्याने म्हटलं तरी. आणि घरी आल्यावर मोठ्या गोळ्याच्या बुडाशी नेलपॉलिशने लाल पट्टा ओढला. “लाल तो आपला,” तिने दोघांना बजावलं. दीर म्हणाला, “वहिनी, दुसऱ्या हाताची नखं राहिली की.”

पुढचे बरेच दिवस हुक इकडून तिकडे फिरत राहिला आणि काही बिघडलं नाही. दीर येऊन सुटा हुक घेऊन जाई, सुटाच आणून पायरीवर ठेवी. नवरा आपलं माप लावून घेई. हुकाच्या निमित्ताने दीर चहाला थांबू लागला. मुंगी त्याच्या खिशात बिया शोधू लागली. तिला वाटलं, त्या लोखंडाने घरातलं काहीतरी परत जागेवर बसवलं.

मग एका संध्याकाळी ती मुंगीला न्हाऊ घालत होती आणि बाहेर दिराचा आवाज आला. “वहिनी, हुक आणलाय! दादा नाहीये ना? बरं, मी जीपला लावूनच ठेवतो. चकाचक पुसलाय, तेल घातलंय. पायरीवर पिशवी ठेवलीय, तुमच्यासाठी मोगरा!”

“भावजी, थांबा की जरा!” ती आतून ओरडली. पण मुंगीच्या डोळ्यांत साबण गेला होता, आणि बाहेर येईपर्यंत दीर निघून गेला होता.

सकाळी नवऱ्याने ट्रेलर जोडला, टाकी भरायला पाइप सोडला. डोंगराखालच्या कारखान्याच्या छपरावर आज काम होतं. शाळेला सुट्टी, तेव्हा मुंगीने बाबाबरोबर जायचा हट्ट धरला आणि बाबा विरघळला. ती दारात उभी राहून मुंगीच्या टोपीचा बंद बांधत होती. का कोण जाणे, तिची नजर जीपच्या मागे गेली.

“अरे, आज दांडा जरा वर नाही वाटत?”

त्याने वाकून पाहिलं. पाहिलं असं म्हणायचं, एवढंच. “अंगणाचा उतार आहे.”

“भावजींनी लावलाय काल. एकदा बघून घे ना.”

“त्याने आपण होऊन लावून दिलाय,” तो हळू आवाजात म्हणाला, जणू भाऊ कुंपणाआड उभा राहून ऐकतोय. “वर्षभराने बोलायला लागलाय माणूस. आता त्याचं काम तपासत बसू? त्याला कळलं तर काय वाटेल?”

तिला हे पटलं. हेच तर अवघड होतं, की तिला ते पटलं. तिने मुंगीला मागच्या सीटवर बसवलं, पट्टा दोनदा ओढून पाहिला, आणि नवऱ्याचा फोन स्वतःच्या हाताने समोरच्या कप्प्यात टाकला. लेक गाडीत असताना फोन कप्प्यात, तोही आवाज बंद करून, हा नियम तिचाच. जीप फाटकातून बाहेर पडली. ट्रेलरमधल्या पाण्याने डुबुक असा आवाज केला. मुंगीने काचेला नाक चिकटवलं.

भांडी घासून झाल्यावर तिला मोगरा आठवला. पिशवी पायरीच्या कोपऱ्यात तशीच होती. तिने एका हाताने उचलली आणि मनगट खाली गेलं. एवढ्याशा रोपाला एवढं वजन? तिने कुंडी बाहेर काढली. तळाशी जुन्या वर्तमानपत्रात काहीतरी बांधलेलं होतं. तिने कागद सोडवला.

लाल पट्टा.

मोठा गोळा तिच्या तळहातावर होता. म्हणजे जीपच्या मागे लहान होता. आणि उंचीही भावजींच्या गाडीची, वरची. दांडा वर वाटत होता तो अंगणाच्या उतारामुळे नव्हे. टाकीचं सगळं पाणी मागे सरकलेलं असणार, दांडा वर उचलू बघत असणार, आणि त्याला धरून ठेवायला वाटीत तो लहान, सैल गोळा. भावजींनी मन लावून हुक पुसला, तेल घातलं, बसवून दिला आणि उरलेला गोळा जपून कागदात बांधून परत केला.

तिने नवऱ्याला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. त्या बंद कप्प्यात नुसता उजेड होत असेल, हे तिला डोळ्यांसमोर दिसत होतं, आणि तरी ती लावत राहिली. मग दिराला लावला.

“बोला वहिनी! मोगरा आवडला?”

“भावजी, लाल गोळा माझ्या हातात आहे.”

“हो, तो मी पिशवीत...” तो थांबला. नळाखालून बादली सरकवल्यासारखा आवाज आला. “दादाने बदलला असेल ना निघताना?”

“नाही बदलला. तुम्ही लावला तसाच आहे. टाकी भरलेली आहे. मुंगी आहे गाडीत.”

पलीकडे बादली कलंडली.

“भावजी!”

“मी रस्त्यावर जातो,” तो म्हणाला. “माझ्यापर्यंत यायचाय अजून तो. मी अडवतो त्याला. वहिनी, तुम्ही घाबरू नका.”

तिने स्कूटर काढली. गोळा बरोबर का घेतला, हे तिला आजही सांगता येत नाही. घरी ठेवून जाणं जमेना, एवढंच. डिकीत टाकला. प्रत्येक खड्ड्याला तो मागे धड् करून आपटायचा आणि तिला वाटायचं, असाच, असाच एक खड्डा पुरे.

डोंगराचा तो रस्ता तिला तोंडपाठ होता. पण त्या सकाळी तिला ओळखीचं काहीच दिसेना. दिसत होते ते फक्त धक्के. पुलाच्या सुरुवातीची फट. दवाखान्यासमोरचा गतिरोधक. डांबर उखडलेला पट्टा. प्रत्येक जागा मागे पडली की ती मनात म्हणे, इथे सुटला नाही. आणि लगेच पुढची जागा दिसे. माणसाच्या डोक्याला अशा वेळी काय काय सुचतं! तिला मुंगीच्या सॅंडलचा तुटका बंद आठवला. शिवायचा राहिलाय. आज शिवते, तिने कुणालातरी कबूल केलं, आज नक्की शिवते.

मग रस्त्यावर पाणी दिसलं.

आधी एक बारीक ओली रेघ, सरळ. झाकणातून सांडत असेल, तिने स्वतःला समजावलं. पुढे ती रेघ रुंद झाली. आणखी पुढे ती सरळ राहिली नाही. डावीकडे गेली, उजवीकडे गेली, पुन्हा डावीकडे, साप गेल्यासारखी. ट्रेलर गाडीच्या मागे शेपटी हलवत होता. तिने ब्रेक दाबला की वेग वाढवला, तिला ठाऊक नाही. तोंडातून एकच शब्द येत होता, “नको, नको, नको,” हेल्मेटच्या आत, आणि काच वाफेने भरून गेली.

शेवटच्या वळणावर माणसं उभी होती.

ट्रेलर डोंगराच्या बाजूला आडवा पडला होता. टाकी फुटून सगळं पाणी रस्ताभर पसरलेलं. जीप तिरकी, पुढचं एक चाक गटारात. दोघांच्या मध्ये त्या जाड साखळ्या ताणून उभ्या. जीपचं मागचं दार सताड उघडं होतं. मुंगीची सीट रिकामी होती. पट्टा लोंबत होता. सीटवर एक सॅंडल.

ती किंचाळली म्हणतात. तिला आठवत नाही.

“इकडे आहे! वहिनी, इकडे, इकडे!”

नर्सरीच्या फाटकाशी दीर मातीत बसला होता आणि मुंगी त्याच्या मांडीवर होती. त्याने तिला आपल्या दोन्ही हातांत असं आवळून धरलं होतं की मुंगीच कुरकुरत होती, “काका, टोचतंय, सोड ना.” तिच्या कपाळावर टेंगूळ. बाकी काही नाही. तिने लेकीला घेतलं, हातपाय चाचपले, डोक्यावरून हात फिरवला, पुन्हा हातपाय चाचपले. नवरा लंगडत आला आणि दोघींना कवटाळून तिथेच खाली बसला.

“आई, काका रस्त्यात नाचत होता,” मुंगी म्हणाली. “हिरवं कापड घेऊन.”

हळूहळू सगळं कळलं. दीर रोपांवरची हिरवी जाळी ओढून घेऊन वळणाच्या मधोमध उभा राहिला होता आणि ती दोन्ही हातांनी हलवत होता. जीप येताना दिसली तेव्हा ट्रेलर आधीच झोके खात होता. नवऱ्याने भावाला पाहून ब्रेक दाबला. त्याच क्षणी वाटी गोळ्यावरून उडाली. साखळ्यांनी ट्रेलरला दरीकडे जाऊ दिलं नाही. तो फिरला आणि डोंगरावर आदळला. दिराच्या पुढ्यात, हात लांब केला तर लागेल एवढ्यावर.

जमलेल्यांत लगेच दोन तट पडले. “त्याने अडवलं म्हणून वाचले,” एक दूधवाला म्हणाला. “पुढे तर नुसता उतार आहे, गेलेच असते खाली.” दुसऱ्या एका ट्रकवाल्याने मान हलवली. “अडवलं म्हणूनच सुटला. असा करकचून ब्रेक दाबायला लावतात का? हळूहळू उतरला असता.” कुणाचं खरं, हे कुणालाच सांगता येण्यासारखं नव्हतं. आजही नाही. पण तिने दिराकडे पाहिलं, आणि दोन वाक्यांपैकी त्याला कुठलं ऐकू गेलं ते तिला दिसलं.

“भावजी, तुम्ही...” तिने सुरुवात केली.

तो तिच्याकडे बघेना. जीपच्या मागे जाऊन गुडघ्यावर बसला, त्या लहान गोळ्यावरून अंगठा फिरवला. कालच घातलेलं तेल अंगठ्याला लागलं. ते त्याने पँटला पुसलं, उठला, आणि नर्सरीत निघून गेला. फाटक आतून ओढल्याचा आवाज झाला.

घरी आल्यावर सगळं मुंगीभोवती फिरू लागलं. डॉक्टर झाले, शेजारी झाले, नात्यातले फोन झाले. प्रत्येकाने मुंगीला जवळ घेतलं, प्रत्येकाने नवऱ्याच्या पायाला काय लावायचं ते सांगितलं. त्या गर्दीत दिराचं नाव कुणी काढलं नाही. काढलं ते एकाच काकूंनी. “हलगर्जीपणा, दुसरं काय!” त्या म्हणाल्या. ती काकूंवर एवढ्या मोठ्याने ओरडली की मुंगी रडायला लागली.

तिने दिराला फोन केले. आधी वाजायचा, आता बंद लागतो. नवऱ्याला ती रोज म्हणते, “अरे, तू जा ना. तुझा भाऊ आहे.” तो खिडकीबाहेर बघतो. “जाऊन काय बोलू? त्याला वाटतं मला राग आलाय. मला वाटतं त्याला वाटतंय की मला राग आलाय. राग नाहीये गं मला. मीही बघितलं नव्हतंच ना! पण त्याच्यासमोर उभं राहिलं की मला पुन्हा ते वळण दिसणार.” आणि मग गप्प. हाच गप्पपणा तिने वर्षभर पाहिलेला आहे. पुन्हा तोच येऊन बसलाय घरात. या वेळी तर कुणी भांडलेलंही नाही.

तिने स्वतः जायचं ठरवलं. निघालीही. पहिल्या वळणापर्यंत गेली, तिथे पुलाची ती फट दिसली आणि हँडलवरची बोटं सुटेनात. मागून येणारा कुणी भला माणूस तिची स्कूटर कडेला घेऊन तिला पाणी देईपर्यंत ती तशीच उभी होती. नंतर एकदा रिक्षाने गेली, डोळे मिटून. फाटकाला आतून साखळी होती. कुंपणाच्या कडेच्या कुंड्या सुकून माना टाकून होत्या. जो माणूस घशाला कोरड पडली तरी आधी रोपांना पाणी घालतो, त्याच्या कुंड्या. “भावजी!” तिने हाका मारल्या. “मुंगीने बोलावलंय. भावजी, अहो, ऐका तरी!” आत कुठेतरी खुर्ची सरकल्यासारखं झालं. कुणी आलं नाही.

मुंगीचं टेंगूळ उतरलं. ती पुन्हा हसते, धावते, सॅंडलचा बंद शिवून झाला. पण तिच्या आईची भीती गेलेली नाही. तिने फक्त जागा बदलली. आधी ती एका ट्रेलरच्या मागे धावत होती, आता ती त्या बंद फाटकाशी जाऊन उभी राहते. त्या सुकलेल्या कुंड्यांचा काय अर्थ लावायचा, हे ती स्वतःला पुरतं विचारू देत नाही.

म्हणून आता डोंगर उतरून जाणाऱ्या प्रत्येकाला ती आपल्या घराच्या फाटकात गाठते. दूधवाल्याला सांगते, पोस्टमनला सांगते, कारखान्याच्या बसच्या ड्रायव्हरला हात करून थांबवते. सगळे हो म्हणतात. सगळे घाईत असतात.

तुम्हीही कधी त्या रस्त्याने जाणार असाल, तर तिचं तुम्हालाही तेवढंच मागणं आहे. शेवटच्या वळणावर डोंगराला ट्रेलरचा निळा रंग खरवडून लागलेला दिसेल. तिथे हळू घ्या. हिरव्या जाळीच्या आत एक बुटकी गाडी उभी आहे का बघा. फाटक वाजवा. एकदा वाजवून निघून जाऊ नका. तो पुढे आला नाही तर म्हणा, रोप हवंय. रोप मागणाऱ्याला त्याने आजवर कधी परत पाठवलेलं नाही. आला, तर विचारा जेवलात का. आणि वर येऊन तिला सांगा, काहीही असो, पण सांगा. ती आपल्या फाटकातच उभी असेल.